पाण्याखालचा कान
(घणसोली गाव येथे युवक व पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



घणसोली गावाच्या पश्चिमेला ठाण्याची खाडी आहे. भरतीचे पाणी खारफुटीत शिरते, ओहोटीला चिखल उघडा पडतो. हे दृश्य इथल्या आगरी-कोळी घरांना पिढ्यान् पिढ्या ओळखीचे आहे. हेच पाणी दक्षिणेकडे जात मुंबई बंदरात मिसळते आणि माझगावच्या गोदीच्या भिंतींना लागते. त्या गोदीत पाणबुड्या बांधल्या जातात. भारतात बांधलेली पहिली पाणबुडी ‘शल्की’ ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली, ती याच गोदीतून. कलवरी वर्गातील सहा पाणबुड्याही इथल्याच. त्यांतली पहिली, ‘कलवरी’, १४ डिसेंबर २०१७ रोजी, तर सहावी, ‘वाघशीर’, १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात आली. म्हणजे घणसोलीच्या खाडीतला माणूस होडीने निघाला तर ज्या ठिकाणी पोहोचेल, तिथे देशाचे सर्वांत गुप्त आणि सर्वांत गुंतागुंतीचे युद्धयंत्र उभे राहते. तरीही गावातल्या दहावी-बारावीच्या मुलाला ‘पुढे काय’ असे विचारले की त्याच्या उत्तरात पाणबुडी येत नाही. आजचे विवेचन त्या पाणबुडीवरील एका विशिष्ट माणसाविषयी आहे. तो कप्तान नव्हे, अधिकारीही नव्हे. तो इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ आहे.

या माणसाचे छायाचित्र वर्तमानपत्रात सहसा छापून येत नाही. पाणबुडी बंदरात परतली की हार कप्तानाच्या गळ्यात पडतो, आणि त्यात गैर काही नाही. पण कप्तान पाण्याखाली जे काही जाणतो ते सारे या तंत्रज्ञाने नीट राखलेल्या यंत्रांतून त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते, हे सामान्य वाचकाला ठाऊक नसते.

हे असे का, ते समजून घेतले पाहिजे. समुद्राच्या पाण्यात प्रकाश फार दूर जात नाही. रेडिओच्या लहरी खाऱ्या पाण्यात काही अंतरातच विरून जातात. त्यामुळे रडार पाण्याखाली निरुपयोगी. खिडकी असती तरी तिच्यातून काळोखच दिसला असता. उरतो तो आवाज. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, समुद्रात तो जवळपास १,५०० मीटर जातो आणि फार दूरवर पोहोचतो. म्हणून पाणबुडीचा सारा व्यवहार कानाने चालतो. तिच्या अंगावर पाण्याखाली ऐकणारे मायक्रोफोन बसवलेले असतात. दूरच्या जहाजाचा पंखा पाणी कापतो त्याची थरथर या मायक्रोफोनमध्ये अत्यंत क्षीण विद्युतसंकेत बनून उमटते. तो संकेत वाढवायचा, त्यातला गोंगाट वेगळा काढायचा, दिशा ठरवायची आणि पडद्यावर रेषा म्हणून दाखवायची, या सगळ्या व्यवस्थेला ‘सोनार’ म्हणतात.

आणि गोंगाट किती असतो! कोळी बांधवांना हे वेगळे सांगायला नको की घोळ आणि ढोमा हे आवाज करणारे मासे आहेत. उष्ण प्रदेशातील उथळ समुद्रात आणखी एक चिमुकला त्रास आहे. नांगी टिचकीसारखी मिटून आवाज काढणाऱ्या कोळंबीच्या काही जाती तळाशी हजारोंनी राहतात आणि पाण्यात रात्रंदिवस तडतड चालू ठेवतात. वर पावसाचा आवाज, लाटांचा आवाज, मासेमारी ट्रॉलरांची इंजिने. पाण्याच्या वरच्या उबदार आणि खालच्या थंड थरांमधून जाताना आवाज वाकतो, तो भाग वेगळाच. या कल्लोळातून शत्रूच्या एका जहाजाचा सूर ओळखायचा असतो. अशा वेळी यंत्रातल्या एखाद्या सांध्यावर गंज चढला असेल, एखादी जोडणी सैल असेल, तर त्या सांध्याची खरखर समुद्राच्या खरखरीत मिसळते. ऐकणारा नौसैनिक कितीही तरबेज असला तरी त्याला खोटे ऐकू येते. नौदलात सोनार चालवणारा आणि सोनार दुरुस्त ठेवणारा या दोन वेगळ्या शाखा आहेत. चालवणाऱ्याचा जीव दुरुस्त ठेवणाऱ्याच्या हातात असतो.

हे केवळ पुस्तकी नाही. या देशाने त्याची किंमत मोजली आहे. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘खुकरी’ ही आपली युद्धनौका पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने बुडवली. ‘खुकरी’ आणि तिच्या जोडीची ‘कृपाण’ या नौका पाणबुडीच्याच शोधात गेल्या होत्या. त्यांच्या सोनारचा पल्ला कमी होता. शत्रूच्या पाणबुडीला त्या ऐकू येत होत्या आणि पाणबुडी मात्र त्यांना ऐकू येत नव्हती. लेफ्टनंट व्ही. के. जैन हा विद्युतशाखेचा तरुण अधिकारी ‘खुकरी’वर होता. सोनारचा पल्ला वाढवणारे एक उपकरण त्याने विकसित केले होते आणि त्याची चाचणी त्या मोहिमेत चालू होती. त्या चाचणीसाठी नौकेचा वेग कमी ठेवला जात होता, आणि पाणबुडीचा धोका असलेल्या समुद्रात मंद गतीने जाणे योग्य होते का, यावर नौदलात पुढे बरीच चर्चा झाली. निर्णय काहीही असो, उणीव खरी होती आणि ती भरून काढण्याची धडपडही खरी होती. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या रात्री गेले. जैनही गेला.

त्या घावानंतर जे घडले ते मात्र या सभेतल्या मुलांनी लक्षपूर्वक ऐकावे. आरोग्यस्वामी पॉलराज नावाचा मुलगा वयाच्या पंधराव्या वर्षी पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आला. पुढे लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत अभियांत्रिकी शिकला. दिल्लीच्या आयआयटीतून त्याने डॉक्टरेट मिळवली. युद्धानंतर नौदलाने सोनारचे काम या तरुण अधिकाऱ्याकडे सोपवले. त्याने आधी जुन्या ब्रिटिश सोनारमध्ये सुधारणा केल्या आणि मग कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत नव्या भारतीय सोनारची उभारणी हाती घेतली. ‘ॲपसो’ या नावाचे ते सोनार १९८०च्या दशकाच्या आरंभी ‘हिमगिरी’ नौकेवर बसले. परदेशी यंत्राची नक्कल करण्याचा काळ तिथे संपला. पुढे पाणबुड्यांसाठी ‘पंचेंद्रिय’ आणि ‘उषस’ ही सोनार याच परंपरेतून आली. पॉलराज नौदलातून निवृत्त होऊन अमेरिकेत स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले. आज प्रत्येकाच्या खिशातला मोबाइल अनेक अँटेनांच्या ज्या तंत्राने चालतो, त्याचे ते एक जनक. २०१० साली त्यांना पद्मभूषण मिळाले. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर शिकलेल्या एका नौदल अधिकाऱ्याची ही वाटचाल मराठी घरांत फारशी सांगितली जात नाही, याचे नवल वाटते.

आता प्रत्यक्ष शिक्षणाकडे वळू. नौसैनिकाची पहिली शाळा ओडिशात, चिल्का सरोवराच्या काठी आहे. तिचे नावही ‘चिल्का’. पहाटेची कवायत, पोहणे, बंदूक, दोरखंडाच्या गाठी, नौदलाची शिस्त. अग्निवीर योजना आल्यापासून हे प्राथमिक शिक्षण सोळा आठवड्यांचे आहे. पहिल्या अग्निवीर तुकडीचे दीक्षान्त संचलन २८ मार्च २०२३ रोजी सूर्यास्तानंतर झाले. त्या तुकडीत २७३ मुली होत्या. इथे उपस्थित असलेल्या मुलींनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

त्यानंतर ज्याच्या वाट्याला विद्युत शाखा येते तो जामनगरला जातो. तिथली ‘वालसुरा’ ही संस्था १९४२ साली टॉर्पेडो शिक्षणासाठी निघाली आणि पुढे नौदलाची विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्सची मुख्य शाळा झाली. मार्च २०२२ मध्ये तिला राष्ट्रपतींचे निशाण प्रदान झाले. इथे शाखेचे दोन फाटे पडतात. एक वीजपुरवठ्याचा, म्हणजे जनित्रे, मोटारी, विद्युतघट. दुसरा रेडिओचा, म्हणजे संदेशवहन, रडार, सोनार. विद्यार्थी मल्टीमीटर हाती धरून सुरुवात करतो. परिपथाचा नकाशा वाचायला शिकतो. दोष शोधण्याची एक पद्धत असते. संशयाने वाटेल तिथे हात घालायचा नाही. परिपथ मधोमध तोडायचा, संकेत इथपर्यंत आला का ते पाहायचे, मग उरलेल्या निम्म्याचे पुन्हा निम्मे करायचे. आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही दुरुस्ती शिकलेल्या जुन्या कारागिरांना ही रीत ओळखीची वाटेल. फरक इतकाच की दुकानात टीव्ही बिघडला तर गिऱ्हाईक उद्या येते. समुद्रात उद्या नसतो आणि सुट्या भागांचे दुकानही नसते.

यानंतर पाणबुडी. पाणबुडीदलात स्वेच्छेने जायचे असते, आणि वैद्यकीय तपासणी नेहमीपेक्षा कडक असते. कान, फुफ्फुसे, मन या तिन्हींची परीक्षा होते. तिथली शाळा विशाखापट्टणमला आहे आणि तिचे नाव ‘सातवाहन’. पैठणच्या राजकुळाचे हे नाव मुद्दाम दिलेले आहे. यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. गोदाकाठच्या राजांनी समुद्राची आठवण नाण्यावर कोरून ठेवली होती. ‘खांदेरी’ हे पाणबुडीचे नावही असेच. १६७९ साली शिवछत्रपतींनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या त्या बेटावर तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून मराठ्यांच्या लहान होड्या रात्री रसद पोचवत राहिल्या.

‘सातवाहन’मध्ये वर्गात शिकवतात, नक्कल-यंत्रांवर शिकवतात आणि पाण्यात उतरवतात. बुडालेल्या पाणबुडीतून बाहेर पडण्याचा सराव हा या शिक्षणाचा गाभा आहे. कलवरी वर्गासाठी खास बांधलेले ‘विनेत्र’ हे सुटका-प्रशिक्षण केंद्र तिथे १३ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झाले. पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल राजेश पेंढारकर यांच्या हस्ते. पाच मीटरचा मनोरा आणि त्याला जोडलेले पाण्याचे कुंड. त्यातून श्वासावर ताबा ठेवून वर यायचे असते. घाबरून श्वास रोखून धरला तर दाब कमी होताना फुफ्फुसातली हवा फुगते आणि फुफ्फुस फाटू शकते. श्वास सोडत वर यावे लागते. शरीराची सहजप्रवृत्ती अगदी उलटी असते, म्हणून हा सराव.

शाळा संपली तरी शिक्षण संपत नाही. पाणबुडीवर गेलेल्या नव्या माणसाला ‘डॉल्फिन’चा बिल्ला लगेच मिळत नाही. आधी त्याने अख्खी पाणबुडी शिकायची असते. स्वयंपाकी असो वा रेडिओवाला, हवेची प्रत्येक नळी, पाण्याची प्रत्येक झडप, प्रत्येक कप्प्यातला अग्निशामक कुठे आहे हे त्याला अंधारात हाताने सापडले पाहिजे. मग वरिष्ठांपुढे तोंडी परीक्षा. कलवरी वर्गाच्या पाणबुडीवर आठ अधिकारी आणि पस्तीस नौसैनिक असतात, लांबी साडेसदुसष्ट मीटर. त्या जागेत सुमारे साठ किलोमीटर लांबीच्या केबल फिरवलेल्या आहेत. त्रेचाळीस माणसांत अनोळखी राहून चालत नाही, आणि ‘हे माझे खाते नव्हे’ असे म्हणायला तिथे जागाच नाही. आमच्या सरकारी कचेऱ्यांना या बिल्ल्याची परीक्षा लावली तर किती जण उत्तीर्ण होतील, हा प्रश्न इथे सोडून देऊ.

१९६०च्या दशकात पहिली तुकडी गेली तेव्हा भारतात यातले काहीच नव्हते. त्या नौसैनिकांना सोव्हिएत संघात जाऊन शिकावे लागले आणि त्यासाठी आधी रशियन भाषा शिकावी लागली. यंत्रावरच्या पाट्या रशियन, पुस्तिका रशियन, गुरू रशियन. ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा बंदरात कमांडर के. एस. सुब्रमण्यम यांच्या हाताखाली पहिली ‘कलवरी’ नौदलात दाखल झाली. तो दिवस आजही पाणबुडी दिन म्हणून पाळला जातो. बारावीच्या इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांनी त्या नौसैनिकांचे स्मरण करावे.

येथे बसलेल्या आयांच्या मनात एक प्रश्न असणार, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हे काम धोक्याचे आहे का? आहे.

पाण्याखाली डिझेल इंजिन चालत नाही, कारण त्याला हवा लागते. तिथे पाणबुडी विद्युतघटांवर चालते. कलवरी वर्गात असे ३६० घट आहेत आणि एकेकाचे वजन ७५० किलो आहे. म्हणजे २७० टन वजनाची बॅटरी माणसांच्या पायाखाली असते. ती चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. हवेत तो चार टक्क्यांच्या वर गेला तर एका ठिणगीचे काम असते. खारे पाणी घटात शिरले तर विषारी क्लोरीन तयार होतो. म्हणून वीजतंत्रज्ञ तासातासाला मोजमाप घेत असतो, आणि कंटाळा हा त्याचा मुख्य शत्रू असतो.

२६ फेब्रुवारी २०१४ रोजी मुंबईपासून दूर समुद्रात ‘सिंधुरत्न’ पाणबुडीच्या तिसऱ्या कप्प्यात केबलना आग लागून धूर कोंडला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी त्यात गेले. सात नौसैनिकांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात आणावे लागले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्याआधी १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’वर स्फोट झाले. तीन अधिकारी आणि पंधरा नौसैनिक, असे अठरा जण गेले. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवसाची ही गोष्ट. ही पाणबुडी घणसोलीच्या खाडीला जोडलेल्या पाण्यातच बुडाली.

हे ऐकून ज्या घराला वाटेल की आपला मुलगा नको, त्या घराच्या देशप्रेमाविषयी कुणी शंका घेऊ नये. व्यासपीठावरून दुसऱ्याच्या मुलाला बलिदान सांगणे फार सोपे असते. मात्र त्या घटनांनंतर काय बदलले तेही माहीत असावे. बुडालेल्या पाणबुडीपर्यंत उतरून माणसे वर आणणारे बचावयान भारताकडे २०१८ पर्यंत नव्हते. १२ डिसेंबर २०१८ रोजी ते मुंबईत नौदलात दाखल झाले आणि ते ६५० मीटर खोलीपर्यंत काम करू शकते. त्या यानाला वाहून नेणारी ‘निस्तार’ ही भारतात बांधलेली नौका १८ जुलै २०२५ रोजी विशाखापट्टणमला नौदलात आली.

दुसरी गोष्ट घरच्यांना अधिक जड जाते. पाणबुडी गस्तीवर गेली की तिचा ठावठिकाणा घरी कळत नाही. फोन नाही, पत्र नाही. तमिळनाडूत ‘कट्टबोम्मन’ हे नौदलाचे केंद्र १९९० पासून अतिनीच वारंवारतेच्या रेडिओ लहरी पाठवते; त्या लहरी पाण्यात काही मीटरपर्यंत पोहोचतात, म्हणून पाणबुडी पुरती वर न येता आदेश ऐकू शकते. पण तिला त्याच वाटेने उत्तर देता येत नाही, आणि उत्तर दिले तर ती सापडते. घरी बाळ जन्माला आले, वडील रुग्णालयात गेले, तरी त्या माणसाला ते बंदराला लागल्यावर कळते. आणि घरच्यांनी ‘कुठे आहे’ असे विचारणाऱ्या शेजाऱ्याला ‘ठाऊक नाही’ एवढेच सांगायचे असते, तेही खरेच असते. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर मुलाची बदली जाहीर करणाऱ्या पालकांनी या अटीचा नीट विचार करावा.

आता व्यवहाराचे. २०२२ पासून नौसैनिक म्हणून प्रवेश अग्निवीर योजनेतून होतो. बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवे. अभियांत्रिकी पदविकाधारकांनाही वाट आहे. मुदत प्रशिक्षण धरून चार वर्षे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपयांचे वेतन, चौथ्या वर्षी ४०,०००. त्यातला काही भाग कापून सरकार तेवढीच भर घालते आणि बाहेर पडताना व्याजासह सुमारे अकरा लाख सत्तर हजारांचा सेवानिधी हाती येतो. तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले पुढे कायम सेवेत घेतली जातात.

इथे एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. पूर्वी नौदलातील ‘आर्टिफिसर’ म्हणजे उच्च तंत्रज्ञ, लोणावळ्याच्या ‘शिवाजी’त आणि ‘वालसुरा’त वर्षानुवर्षे घडत आणि मग पंधरा-वीस वर्षे नौकेवर काढत. चिल्का, जामनगर, विशाखापट्टणम आणि मग पाणबुडीवरची परीक्षा, हा सारा प्रवास चार वर्षांच्या चौकटीत बसवल्यावर सोनारचा आवाज ओळखीचा होईपर्यंत मुदत सरत आलेली असते. पाणबुडीचे काम अनुभवी हातांशिवाय चालणार नाही. म्हणून त्या पंचवीस टक्क्यांत तांत्रिक शाखांना झुकते माप मिळाले पाहिजे, अशी मागणी करणे योजनेच्या विरोधात जाणे नव्हे; ती योजना टिकावी असे वाटणाऱ्यांनीच ती केली पाहिजे. आणि घरांनी हिशेब करताना मुलगा परतणार आहे असे धरूनच करावा.

परतलेल्या मुलाला ठाणे-बेलापूर पट्ट्यात काम नाही, असे म्हणता येणार नाही. अंबरनाथला नौदलाची पदार्थसंशोधन प्रयोगशाळा आहे. पाणबुडीला अधिक काळ पाण्याखाली ठेवणारी इंधनघटाची भारतीय यंत्रणा तिथे विकसित झाली आणि मार्च २०२१ मध्ये जमिनीवरची तिची चाचणी यशस्वी झाली. ती कलवरी वर्गात बसवण्यासाठीच्या जोडकामाचा करार डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव गोदीशी झाला. अशा कामांना उच्च दाबाची वीज, संवेदक आणि गॅसची मोजमापे कळणारी माणसे लागतात. घणसोलीच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले, त्यावर इमारती उभ्या राहिल्या आणि बऱ्याच घरांत भाड्याचा पैसा येऊ लागला. भाड्यावर जगणाऱ्या घरातला मुलगा हातात सोल्डरिंगची सळई का धरील, असे विचारणारे भेटतात. ज्यांच्या आजोबांनी खाडीत मध्यरात्री जाळी टाकली, त्यांच्या नातवाला हा प्रश्न विचारावा लागू नये.

ज्या मुलांना जायचे आहे त्यांनी आजपासून तीन कामे करावीत. दहावीपासूनच भौतिकशास्त्रातील विद्युत आणि ध्वनी ही प्रकरणे घोकून न टाकता समजून घ्यावीत. पोहायला शिकावे, खाडीकाठच्या गावात पोहता न येणारी मुले वाढत आहेत. आणि कान जपावेत. रात्रभर डीजेच्या भिंतीसमोर नाचलेल्या कानांची श्रवणचाचणी बिघडू शकते. अर्ज नौदलाच्या अधिकृत संकेतस्थळावरच भरायचा असतो. पैसे घेऊन भरती करून देतो असे सांगणारा कुणी गावात आला तर त्याचे नाव पोलीस ठाण्यात द्यावे.